लिंक ढीगभर, पण धड्याच्या वेळी सापडते किती? गणित-विज्ञानाच्या वेबसाइट शाळेने कशा लावून ठेवाव्यात

शिरोडा : शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादी तरी लिंक येऊन पडते. ‘नववीसाठी अतिशय उपयुक्त’, ‘गणित झाले सोपे’, ‘सर्व प्रयोग एकाच ठिकाणी’. खाली चार-पाच अंगठे, दोन नमस्कार, आणि संध्याकाळपर्यंत ती लिंक वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तीन महिन्यांनी भिंगांचा धडा शिकवायची वेळ येते तेव्हा ती सापडत नाही. सापडली तर उघडत नाही. उघडलीच तर ती इंग्रजीत असते, नाहीतर दुसऱ्याच बोर्डाच्या मुलांसाठी केलेली असते. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, उघडना नाय!’ आणि तेवढ्यात तास संपतो.

गणित आणि विज्ञान शिकवायला उपयोगी पडतील अशा वेबसाइट आज कमी नाहीत. मराठीत आहेत, फुकट आहेत आणि काही तर जगातल्या उत्तम शिक्षकांनी केलेल्या आहेत. अडचण आहे ती लावून ठेवण्याची. दुकानात माल भरपूर, पण फळीवर काहीच जागच्या जागी नाही, अशी गत. शिरोडा, आरवली, रेडी या पट्ट्यात ही अडचण जास्त बोचते. शहरातल्या मुलाला एखादी गोष्ट शाळेत नाही कळली तर क्लास असतो, विज्ञान केंद्र असतं. इथून पणजीचं गोवा विज्ञान केंद्र बघायचं म्हटलं तरी सहल काढावी लागते.

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता दरवर्षीचीच झाली आहे. तिचं कौतुक आहेच. पण खरी कसोटी जूननंतर लागते. मराठी माध्यमातून नव्वद टक्के मिळवलेलं मूल अकरावी विज्ञानाला जातं आणि ‘अपवर्तन’ एका रात्रीत ‘रिफ्रॅक्शन’ होतं, ‘त्वरण’ ‘ॲक्सलरेशन’ होतं, ‘श्रेढी’ ‘प्रोग्रेशन’ होते. ज्याने किरण काचेत शिरताना वाकतो हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं त्याला नाव बदललं तरी फरक पडत नाही. ज्याने फक्त व्याख्या पाठ केलेली असते त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. वेबसाइट कशासाठी हव्यात याचं उत्तर इथे आहे. फळ्यावर जे हलत नाही ते हलताना दाखवण्यासाठी.

आधी माल काय आहे ते बघू

सगळ्यात कामाची वेबसाइट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली. तिच्यात व्हिडिओ नाहीत, हाताने चालवायचे प्रयोग आहेत. बॅटरी, वायर, बल्ब ओढून आणायचे आणि मंडल जोडायचं. चुकीचं जोडलं की आग लागलेली दिसते, आणि मुलं ते मुद्दाम करून बघतात. बघू द्यावं. शॉर्टसर्किट म्हणजे काय ते तिथेच कळतं. यातल्या बऱ्याच प्रयोगांची मराठी आवृत्ती आहे. दुसरं म्हणजे प्रयोगाची फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट नसतानाही चालते. आपल्याकडे जुलैत एकदा लाईट गेली की नेटचाही भरवसा नसतो, त्यामुळे ही सोय सोन्यासारखी आहे.

भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात असताना हे सॉफ्टवेअर तयार करायला सुरुवात केली. वर्तुळावरचा बिंदू बोटाने सरकवायचा. कंसात अंतर्लिखित झालेला कोन बिंदू कुठेही नेला तरी तेवढाच राहतो. फळ्यावर हे दाखवायला पाच आकृत्या काढाव्या लागतात आणि तरी मुलं म्हणतात, ‘बाईंनी तशीच काढली असणार’.

अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे, पण ते ‘खेळण्यांचं’ समजून बाजूला ठेवलं जातं. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या बाटल्या यांपासून केलेले प्रयोग तिथे छोट्या फिल्ममध्ये दाखवले आहेत, आणि मराठी पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. एकशिक्षकी शाळेला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

सरकारी बाजूला ‘दीक्षा’ आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड तिच्याकडे नेतात. सरसकट सांगायचं तर दीक्षावरचे काही व्हिडिओ छान आहेत आणि काहींत पुस्तकातलंच वाचून दाखवलं आहे. म्हणून कोड आहे एवढ्यावर भागत नाही, आत काय आहे ते आधी बघावं लागतं. सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाने केलेली ‘ओ-लॅब्स’ ही नववी ते बारावीच्या प्रयोगांची वेबसाइट चांगली आहे, फक्त तिची मांडणी एनसीईआरटीप्रमाणे आहे. आकाशाच्या धड्यांना ‘स्टेलॅरियम’ पुरेसं आहे.

शब्दांसाठी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. वाईहून चालणारा मराठी विश्वकोश आता नेटवर आहे, आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन शोधता येतात. इंग्रजी शब्द टाकला की मराठी संज्ञा मिळते. अकरावीला जाणाऱ्या मुलाच्या वहीत धड्यागणिक अशा दहा जोड्या लिहिलेल्या असल्या तरी त्याचं निम्मं ओझं कमी होईल.

यादी वेबसाइटची नको, धड्याची हवी

बहुतेक याद्या इथेच फसतात. ‘उपयुक्त शंभर संकेतस्थळे’ अशी पीडीएफ फिरते. शिक्षक ती जपून ठेवतो आणि कधी उघडत नाही. कारण शिकवणाऱ्याच्या डोक्यात वेबसाइटचं नाव नसतं, उद्याचा धडा असतो. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये सहावा धडा प्रकाशाचे अपवर्तन आणि सातवा भिंगांचा. यादीतही डाव्या बाजूला हेच हवं. सहाव्या धड्यापुढे फेटचा ‘बेंडिंग लाइट’, सातव्यापुढे ‘जिऑमेट्रिक ऑप्टिक्स’, तिसऱ्या धड्यातल्या समीकरणांपुढे ‘बॅलन्सिंग केमिकल इक्वेशन्स’, चौथ्यापुढे मंडल जोडायचा प्रयोग.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले आणि ते थेट त्या धड्याच्या व्हिडिओकडे, कवितेकडे, गोष्टीकडे नेले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण शिकण्यासारखी गोष्ट बक्षिसाच्या आधीची आहे. मुलाला शोधायला लावायचं नाही, धड्याच्या पानावरून एका टप्प्यात तिथे पोचवायचं.

एका धड्याला लिंक किती? दोन. फार तर तीन. चौथी सापडली तर आधीच्या तीनपैकी एक काढायची. हे कडक वाटेल, पण यादी लांब झाली की ती पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपच होते.

प्रत्येक लिंकपुढे एक ओळ हवी, आणि ती शिक्षकाने स्वतः बघून लिहिलेली हवी. ‘छान व्हिडिओ’ या शेऱ्याचा काही उपयोग नाही. ‘वस्तू भिंगाजवळ आणत गेलं की प्रतिमा कशी मोठी होते ते दिसतं, १० मिनिटं, मराठी, नेट न लागता चालतं’ असं लिहिलं तर दुसऱ्या शिक्षकाला लगेच ठरवता येतं. वर्गात वापरून झाल्यावर त्याच रकान्यात आणखी चार शब्द घालायचे: मुलं कुठे अडली, कोणता प्रश्न विचारला. दोन वर्षांनी यादीतला हाच रकाना सर्वांत मोलाचा ठरेल.

बघितल्याशिवाय यादीत घालू नये

तपासायचं म्हणजे नुसती चूक शोधायची नाही. माहिती बरोबर असूनही ती आपल्या मुलांना गोत्यात आणू शकते. भिंगाचं सूत्रच घ्या. आपल्या पुस्तकात कार्टेशियन चिन्ह संकेत आहे, म्हणून प्रतिमेच्या अंतराच्या व्यस्तातून वस्तूच्या अंतराचा व्यस्त वजा करायचा. परदेशातल्या कितीतरी व्हिडिओंमध्ये तेच सूत्र बेरजेचं असतं, कारण तिथला चिन्ह संकेत वेगळा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण घरी व्हिडिओ बघून आलेलं मूल वर्गातल्या उदाहरणात एकदा हे, एकदा ते वापरतं आणि उत्तर भलतंच येतं. मग ‘मला फिजिक्स जमत नाही’ अशी समजूत होते. यादीत त्या लिंकपुढे ‘चिन्हे वेगळी, फक्त आकृती बघा’ एवढं लिहिलेलं असतं तर हे टळलं असतं.

बोर्डाबोर्डांतही फरक आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा वगळला गेला. बालभारतीच्या दहावीत तो दुसराच धडा आहे. म्हणजे ‘दहावी सायन्स’ असं नाव दिलेली वेबसाइट आपल्या दहावीची असेलच असं नाही. आकडे वाचतानाही गोंधळ होतो. मिलियन आणि बिलियनमध्ये बोलणारा व्हिडिओ लाख-कोटीत मोजणाऱ्या मुलाला दाखवायचा असेल तर आधी फळ्यावर दोन ओळी लिहाव्या लागतात.

आणि लिंक मरतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’ नावाचं तंत्रज्ञान बंद झालं आणि त्यावर चालणारे विज्ञानाचे कितीतरी जुने खेळ, प्रयोग एका दिवसात निकामी झाले. फेटने आपले बरेच प्रयोग नव्या पद्धतीत पुन्हा बांधले, तेवढं मनुष्यबळ नसलेल्या छोट्या वेबसाइट तशाच पडून राहिल्या. आजही जुन्या याद्यांत त्यांची नावं सापडतात. यावर उपाय साधा आहे. दरवर्षी शाळा भरायच्या आठवड्यात यादीतली प्रत्येक लिंक एकदा उघडून बघायची आणि तपासल्याची तारीख टाकायची. हे काम दहावीची मुलं आनंदाने करतात, आणि त्या निमित्ताने नववीची उजळणी होते ती वेगळीच.

यादी कोणाच्या मोबाइलमध्ये आहे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण घोडं इथेच पेंड खातं. बहुतेक शाळांत असा एक तरी शिक्षक असतो ज्याच्याकडे सगळं असतं. लॅपटॉप त्याचा, ईमेल त्याचा, पेन ड्राइव्ह त्याचा. मग बदलीचा आदेश येतो. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, आणि पाच वर्षं जमवलेलं सगळं त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातं. नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून ग्रुपवर विचारतो, ‘भिंगांसाठी कोणाकडे काही आहे का?’

वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत होते. तेवढा काळ एकाच माणसाने एका शाळेत राहायचे दिवस आता फारसे उरले नाहीत. बदली, समायोजन, निवृत्ती चालूच असणार. म्हणून यादी शाळेच्या नावाने उघडलेल्या ईमेल खात्यात हवी, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात. गुगल शीट चालेल. ज्यांना ते नको त्यांनी साधं रजिस्टर घालावं, त्यातही काही कमीपणा नाही. दाखल्यांचं रजिस्टर जसं शाळेचं असतं, कोणा क्लार्कचं नसतं, तसंच हे.

नेटचा भरवसा नाही म्हणून जे उतरवून ठेवता येतं ते उतरवून ठेवावं. फेटच्या फाइल, बालभारतीची पुस्तकं, अरविंद गुप्तांच्या साइटवरची पुस्तकं, दीक्षा ॲपमध्ये डाउनलोड होणारे धडे. विकिपीडियासुद्धा ‘किविक्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर नेट नसताना वाचता येतो. हे सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये, यादीतल्याच धड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. चतुर्थीला गावी येणारे चाकरमानी हौसेने शाळेला टॅब देतात, प्रोजेक्टर देतात. त्यात काय भरायचं हे आधी ठरलेलं असेल तर ती देणगी कपाटात बंद राहणार नाही. यंत्राची देणगी मिळते, फोटो छापून येतो; आतल्या मालाकडे बघायला मात्र फारसं कोणी तयार नसतं.

जे कोणत्याच वेबसाइटवर नाही

शिरोड्याच्या यादीत काही पानं शिरोड्याचीच हवीत. ज्या मिठागरांमुळे १९३० च्या सत्याग्रहात गावाचं नाव देशभर गेलं, त्यांच्यावर इतिहासाचा धडा होतो, रसायनशास्त्राचा होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल वाफ्यात किती लिटर पाणी मावेल? दहा हजार. म्हणजे ३५० किलो क्षार, आणि त्यातलं खाण्याचं मीठ साधारण पाऊण हिस्सा, २७० किलोच्या आसपास. महत्त्वमापनाचं हे उदाहरण पुस्तकातल्या टाकीपेक्षा जवळचं आहे. पाणी आटून साधारण एक दशांश उरतं तेव्हा मीठ बसायला लागतं. त्याआधी जिप्सम खाली बसतं. फेटच्या ‘कॉन्सन्ट्रेशन’ या प्रयोगात बाष्पीभवनाची कळ सरकवली की द्रावण संपृक्त होऊन तळाशी कण जमताना दिसतात. तो प्रयोग आणि मिठागराचा एक फोटो शेजारी शेजारी ठेवले की पान तयार.

दुसरं पान भरतीचं. कोकणात जुना ठोकताळा आहे, तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या वेबसाइटवर समुद्राच्या स्थितीची आणि भरती-ओहोटीची माहिती मिळते. मुलांनी पंधरा दिवस ठोकताळ्याची वेळ आणि तक्त्यातली वेळ शेजारी लिहायची आणि आलेख काढायचा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, ठोकताळा ४५ धरतो. शिवाय पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. मग ठोकताळा चुकीचा का? चुकीचा नाही, तोंडी हिशेबासाठी सोपा केलेला आहे, आणि साठलेली तूट तो पंधरवड्याच्या शेवटी भरून काढतो. किती तूट साठली हे आठवीचं मूल काढू शकतं. घरी होडी असलेल्या मुलाला या तासाला बोलायला लावलं तर सरांनाही नवीन काही कळेल.

पावसाळ्यात हवामान विभागाच्या साइटवर पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडता येतं. अरबी समुद्रावरून ढग किनाऱ्याकडे कसे सरकतात ते दिसतं, आणि शिरोड्यावर सर कधी येईल याचा अंदाज वर्गात बांधता येतो. अंदाज चुकला तरी हरकत नाही, चुकला का यावर अर्धा तास निघतो.

सगळं एकदम करायला जाऊ नये. दहावी विज्ञान भाग १ चे दहा धडे आणि भूमितीचे सात, एवढ्यांपासून सुरुवात केली आणि तीन शिक्षकांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाच्या आत धडे येतात. दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे. शेजारच्या दोन शाळा सामील झाल्या तर आठवी-नववीही होऊन जाईल. यादी तयार झाली की तिचा एकच क्यूआर कोड छापून प्रयोगशाळेच्या दारावर लावावा. प्रत्येक लिंकचा वेगळा कोड छापू नये, लिंक बदलली की तो वाया जातो. यादीच्या पानाचा कोड मात्र तोच राहतो आणि आतल्या लिंक कधीही बदलता येतात. आणि तो लॅमिनेट करूनच लावावा, नाहीतर श्रावणापर्यंत त्यावर बुरशी धरते.